राणीच्या पिल्लांबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुमचा बेत ऐकला आणि हो-नाही काही न बोलता विषय बदलला. फोनवर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, अडचणीचं काही निघालं की तुमचा 'आवाज तुटतो'. म्हणून लिहितेय. आपल्या पर्शियन राणीला पिल्लांसाठी चिपळूणच्या बोक्याकडे पाठवू नका.

तुमचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे मांजरं कायम व्यालीच आहेत, कधी माळ्यावर, कधी गोठ्यातल्या पेंढ्यात. कोणी कोणाला विचारलं नाही. पण ती आपला बोका आपण शोधत होती. इथे बोका तुम्ही ठरवणार, वेळ तुम्ही ठरवणार, पिल्लाचे पैसेही तुम्ही घेणार. मग त्या पिल्लाच्या नाकाचा आणि मूत्रपिंडाचा जाबही तुम्हालाच द्यावा लागतो.

आई, तू रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस बुडवून राणीचे डोळे पुसतेस. नाकाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ओघळ असतात, तू म्हणतेस रस्त्याची धूळ. चेहरा इतका चपटा असला की डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी मुरडते आणि पाणी गालावर सांडतं. एकदा तिला मांडीवर घेऊन बाजूने बघ, नाक जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आहे. मे महिन्यात ती न्हाणीच्या फरशीवर पोट टेकून पडते आणि घुरते, त्याचं आपण कौतुक करतो. नाकपुड्याच अरुंद, बिचारी करणार काय! पिढ्यान् पिढ्या माणसांनी असलीच तोंडं निवडली, त्याचं हे फळ.

दिसत नाही ते आणखी वाईट. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्यामागचा जनुकातला दोष २००४ साली सापडला. आई-बापांपैकी एकात जरी तो असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. गाठी जन्मापासून असतात, पण बारीक. त्रास दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही वर्षं जातात आणि तोवर ते मांजर दोन-चारदा व्यालेलं असतं. गालात बोळा फिरवून तपासणी होते. राणीचे 'कागद' मी नीट पाहिलेत. त्यात पणजोबापर्यंत सगळ्यांची नावं आहेत, तपासणीचा निकाल एकाचाही नाही.

बाबा, कलमासाठी हापूसची काडी घ्यायची तर मातृवृक्षाची तीन-चार हंगामांची फळं पाहिल्याशिवाय तुम्ही चाकू लावत नव्हता. आणि कलम निदान आईच्या गुणाचं येतं. पिल्लू म्हणजे कोयीचं रोप, काय निघेल त्याचा भरवसा नाही. बरं, हापूसच्या गरात साका निघाला तर फळ टाकून देता येतं.

आणि तो बोका! त्याचे कान दुमडलेले, म्हणून पिल्लांना भाव जास्त, असं ते गृहस्थ म्हणाले ना? कान दुमडतो तो कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या दोषामुळे, आणि कूर्चा काही फक्त कानात नसते. सांधे, शेपटी, पाय, सगळीकडे तोच दोष. पुढे चालताना, उडी मारताना दुखतं. या मांजरांचा वंश १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या मांजरीपासून सुरू झाला, आणि ब्रिटनमधल्याच मांजरांच्या नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकात त्यांची नोंद घेणं थांबवलं. आपण ते चिपळुणाहून उचलून आणायचं? कायदा आड येत नाही म्हणाल, तर खरं आहे. आपल्याकडचे २०१७ चे पैदाशीचे नियम कुत्र्यांपुरते आहेत. म्हणून तर कोणीही उठून हा धंदा करतो.

राणी गाभण राहिली तर दोन महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात विणार. चपट्या तोंडाच्या जातीत पिल्लांची डोकी मोठी, अडण्याची भीती जास्त. आपले गुरांचे डॉक्टर भले आहेत, पण रात्री मांजरीचं सिझेरियन कोण करणार? लाईट गेलेली, परशुराम घाटात दरड आलेली. तुमच्या पंधरा हजारांच्या हिशोबात हा खर्च धरलेला दिसत नाही.

चांगली पैदास करणारे लोक असतात, हे मी नाकारत नाही. दोन्हीकडची तपासणी करतात, पिल्लू बारा-तेरा आठवडे आईजवळ ठेवतात, आणि घेणाऱ्याला नको झालं तर आयुष्यभर कधीही परत घेतात. हे शेवटचं तुम्हाला जमेल? मांजर पंधरा वर्षं जगतं. तुमची पंचाहत्तरी पुढच्या वर्षी आहे, बाबा. रागावू नका.

आई, 'मादीच्या जातीला एकदा तरी आईपण हवं' हे तुझं. त्याला वैद्यकात काही आधार नाही. उलट पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, लवकर केलं तर स्तनाच्या गाठींचाही कमी होतो, आणि माजावर आल्यावर रात्रभर ओरडून ती तुला जागवते तेही बंद होईल. घरात पिल्लं हवीतच असतील तर हर्णैच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांमागे किती फिरतात. एक उचलून आण. लांब नाकाचं बघून.

गणपतीच्या आधी रजा काढून येते आणि राणीला ऑपरेशनला स्वतः घेऊन जाते, तुम्हाला गाडीची दगदग नको. पिंजरा मी आणते. दाताळ्याची फणीही आणते, पावसात केसांची जट झाली की खालची कातडी खराब होते. त्या गृहस्थांना नाही म्हणायला संकोच वाटत असेल तर माझा नंबर द्या, मी बोलते. फार गोड बोलेन असं नाही.

आईच्या गुडघ्याचं तेल कुरियरने पाठवलंय.

तुमची,
मनू