बायोप्रिंटरच्या आधी पेशी जगवणाऱ्या माणसांची सोय करा

माननीय मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

बायोप्रिंटिंग, म्हणजे जिवंत पेशींचे थर छापून ऊती घडवणे, आणि जनुकीय अभियांत्रिकी यांत यंत्राच्या खरेदीला एकरकमी निधी मिळतो, पण ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद होत नाही. तरुण संशोधकांची वाट तिथेच अडते, म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातून हे पत्र लिहीत आहोत.

बायोप्रिंटर चालतो चकलीच्या सोऱ्याच्या तत्त्वावर. पीठ सैल झाले की चकली पसरते, घट्ट झाले की तुटते. इथे पिठाच्या जागी असते ५ ते १० टक्के जेलमा, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारे जिलेटिन, आणि त्याच्या दर मिलिलिटरमध्ये दहा लाख ते एक कोटी जिवंत पेशी. हे मिश्रण ३७ अंशांना पाण्यासारखे वाहते आणि वीस-बावीस अंशांच्या आसपास धागा धरते. मे महिन्यात एसी बंद पडून खोली ३२ अंशांवर गेली, की धाग्याऐवजी थारोळे पडते. खोली फार गार झाली तर ०.२ मिलिमीटरची सुई तुंबते. मग दाब वाढवला जातो आणि अरुंद सुईतून घासून जाताना पेशींची आवरणे फाटतात. दिसायला जाळी सुबक असते, पण दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्या पेशी मेलेल्या निघतात. काम लांबले तर पेशी नळीत तळाशी बसतात, म्हणून पहिले थर दाट आणि शेवटचे रिकामे येतात. हे सगळे सांभाळायला हात बसावा लागतो, आणि तो वर्षा-दोन वर्षांनी बसतो.

जनुकीय बदलाचे काम याहून संथ. क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने, कापणी एका दिवसात होते, पण ती सगळ्या पेशींत सारखी होत नाही. एकेक पेशी वेगळी काढून तिची वसाहत वाढवायला दोन-तीन आठवडे जातात. मग डीएनएचा क्रम तपासायचा, नको तिथे काप गेला आहे का ते पाहायचे, गुणसूत्रे शाबूत आहेत का ते पाहायचे. भरवशाची एक पेशीरेषा, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला एकसारख्या पेशींचा साठा, हाती यायला दोन-तीन महिने सहज लागतात. मूळपेशी असतील तर त्यांचे पोषकद्रव्य जवळपास रोज बदलावे लागते, रविवारी आणि लक्ष्मीपूजनालाही. शनिवारी रात्री पोषकद्रव्याची आम्लता राखणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर संपले, की सोमवारी सकाळी तांबूस पोषकद्रव्य जांभळट-गुलाबी झालेले दिसते. आम्लता बिघडल्याची ती खूण. तीन महिन्यांचे काम त्या एका बशीत जाते.

हे आपल्याकडे होऊ शकते यात शंका नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही जनुकीय बदल केलेल्या पेशींची उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. टाटाचे संशोधन केंद्र खारघरलाच आहे. २०२३ मध्ये केंद्राने नव्या औषधांच्या नियमांत बदल केला आणि प्राण्यांवरील चाचण्यांच्या जागी मानवी पेशींवरच्या चाचण्यांनाही वाट दिली. छापलेल्या यकृताच्या किंवा त्वचेच्या ऊतींना त्यामुळे इथल्या औषध कंपन्यांतच गिऱ्हाईक मिळू शकते.

केंद्राच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे असा आहे. रक्कम वेळेवर आली तर ऐरोली-घणसोलीत भाड्याच्या खोलीत राहून भागते. चार-सहा महिने थकली, की घरची परिस्थिती बेताची असलेली मुले आधी सोडून जातात. जी टिकतात, त्यांचा हात बसेपर्यंत प्रकल्पाची तीन वर्षे सरतात आणि मुदतवाढ नसते. नवा माणूस येतो, पुन्हा पहिल्या थारोळ्यापासून सुरुवात.

म्हणून मागणी अशी. राज्याच्या निधीतून बायोप्रिंटर मंजूर होईल त्याच आदेशात दोन कायम तंत्रज्ञपदे, पाच वर्षांचा रसायने आणि सिलिंडरांचा खर्च, आणि पेशी वाढवायचे उबदार कपाट म्हणजे इन्क्युबेटर, उणे ८० अंशांचा फ्रीजर व प्रिंटर यांना पुरेल असा अखंड वीजपुरवठा मंजूर करा. जनरेटर चालू व्हायला लागणाऱ्या काही सेकंदांतही अर्धवट छापलेला थर वाया जातो, त्यामुळे यूपीएस हवाच. राज्याच्या अधिछात्रवृत्त्या दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला थेट खात्यात जमा करा. आणि कोरड्या बर्फात येणारी पार्सले विमानतळाच्या मालधक्क्यावर अडकली तर तिथेच बर्फ पुन्हा भरून देण्याची व्यवस्था व्हावी, यासाठी आपण केंद्राकडे शब्द टाकावा. बर्फ उडून गेल्यावर मिळालेल्या खोक्यातले एन्झाइम कामाचे उरत नाही.

या पाचपैकी एकच आता शक्य असेल, तर तंत्रज्ञांची पदे आधी भरा.

आपले,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पेशीजीवशास्त्राचे संशोधक