रंग पाहायचा नाही, पण मोजायचा की नाही?

मा. संपादक,

अमेरिकेतील वर्णभेदाची चर्चा निघाली की ‘आम्ही माणसाचा रंग पाहतच नाही’ हे वाक्य हमखास येते, आणि बहुतेकदा ते मनापासून म्हटलेले असते. रेल्वेत गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवण्यास तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्यता दिली, तेव्हा एकट्या न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले आणि ‘आमची राज्यघटना रंग पाहत नाही’ असे लिहिले. त्याच परिच्छेदात गोरा वंश देशात वरचढ आहे आणि पुढेही राहील, असा विश्वासही त्यांनी व्यक्त केला होता. तो भाग सहसा कोणी सांगत नाही. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणे २९ जून २०२३ रोजी बेकायदा ठरले, तेव्हाही हार्लन यांचे वाक्य निकालपत्रात पुन्हा आले.

माझ्या मते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. निर्णय घेताना रंग न पाहणे वेगळे आणि त्या निर्णयाचा परिणाम तपासताना रंग न पाहणे वेगळे. पहिले अनेकदा योग्यच असते. दुसऱ्यामुळे अन्याय चालू राहूनही कागदावर येत नाही.

अमेरिकी रुग्णालयांत वापरली जाणारी एक संगणकप्रणाली याचे चांगले उदाहरण आहे. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल लागेल, हे ती गुणांकनाने ठरवत असे. तिला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. मग चूक कुठे झाली? प्रणाली आजारपणाऐवजी पुढील वर्षाच्या उपचारखर्चाचा अंदाज बांधत होती. तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर आजवर कमी खर्च झालेला होता, म्हणून त्यांना गुणही कमी पडत. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार जादा देखभालीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय १७.७ टक्के होते. निवड प्रत्यक्ष आजारपणावर झाली असती तर ते ४६.५ टक्के असते. संशोधकांना हे कळले, कारण रुग्णांच्या नोंदींत वंशाचा रकाना होता. ‘आम्ही रंग पाहत नाही’ म्हणून तो काढून टाकला असता, तर ही प्रणाली निःपक्षपाती म्हणूनच मिरवली असती.

माहिती झाकली की पूर्वग्रह जातो, हा समजही तपासून घ्यावा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात नोकरीच्या अर्जातील ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ हा प्रश्न कायद्याने काढण्यात आला. हेतू चांगला होता. कायद्याआधी आणि नंतर सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवून संशोधकांनी परिणाम मोजला. असा प्रश्न विचारणाऱ्या कंपन्यांकडून गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा आधी ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. प्रश्न गेल्यावर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. रिकामी जागा मालकांनी नावावरून तर्क करून भरली.

फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने वांशिक माहिती गोळा करण्यावर कडक निर्बंध आहेत. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या याद्यांचा कसा वापर झाला, हे त्या देशाने पाहिले आहे. ती भीती खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. पण मग अभ्यासकांना आई-वडिलांचा जन्मदेश विचारावा लागतो, आणि आजोबा स्थलांतरित असलेला तरुण या मोजणीतून निसटतो.

उलट बाजूही सांगायला हवी. मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणत. क्षमता १८ आली तर कागदावर जवळपास २१ लागे. डायलिसिस सुरू झालेले नसेल, तर प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतला काळ मोजायला ती २० किंवा त्याखाली असावी लागते. म्हणजे त्या गुणाकारामुळे रुग्णाची प्रतीक्षा सुरूच होत नसे. २०२१ मध्ये वंशाचा आकडा नसलेले नवे सूत्र आले आणि २०२३ पासून अशा रुग्णांचा बुडालेला काळ परत जोडण्यात येऊ लागला. इथे रंग पाहिला गेला, पण नको त्या जागी.

नोकरभरतीत दोन्ही चुका टाळता येतात. पहिल्या चाळणीत नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकावा. मुलाखतीचे प्रश्न सर्वांना तेच असावेत आणि आपसात चर्चा करण्यापूर्वी प्रत्येकाने गुण लिहून द्यावेत. वंशाची माहिती उमेदवाराने स्वेच्छेने, वेगळ्या कागदावर द्यावी; निवड करणाऱ्यांना ती दिसू नये. नंतर प्रत्येक टप्प्यावर गटवार प्रमाण काढावे. अमेरिकेत १९७८ मध्ये चार-पंचमांशाची कसोटी घालून दिली गेली: एका गटातले १०० पैकी ५० आणि दुसऱ्यातले १०० पैकी ३० निवडले गेले, तर ३० भागिले ५० म्हणजे ६० टक्के, ८० च्या खाली आले की चौकशी करावी. तफावत चाळणीतच दिसली तर पात्रतेच्या अटी तपासाव्यात, मुलाखतीत दिसली तर परीक्षकांच्या गुणपत्रिका. पंधरा-वीस अर्जांवर मात्र ही कसोटी लावू नये. तिथे एका माणसाने आकडा उलटतो, म्हणून दोन-तीन वर्षांचे अर्ज एकत्र करूनच हिशेब मांडावा.

आपला,
एक वाचक