पतियाळाचे हिरे, कार्तिएचं कोंदण

संपादक महोदय,

पतियाळाच्या हाराविषयी काही छापून आलं की 'महाराजांनी पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांकडून हार विकत घेतला' हे वाक्य हमखास असतं. ते चूक आहे. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी १९२५ मध्ये आपल्या खजिन्यातले खडे आणि दागिने पॅरिसला दिले. कार्तिएने ते नव्याने जडवून १९२८ मध्ये हार पुरा केला. हिरे २,९३०, मधला पिवळसर 'डी बिअर्स' एकटा २३४.६५ कॅरटचा. म्हणजे घरचं सोनं सोनाराकडे देऊन दागिना घडवून घेण्याचीच रीत, फक्त आकडे राजेशाही.

मग कार्तिएचं त्यात काय? कोंदण. १८४७ मध्ये लुई-फ्रान्स्वा कार्तिए यांनी सुरू केलेली ही पेढी पुढे मुलगा आल्फ्रेड आणि तीन नातवांकडे गेली: लुई पॅरिसला, पिएर न्यूयॉर्कला, झाक लंडनला. त्यांचं नाव झालं ते प्लॅटिनममुळे. आधी हिरे चांदीत बसवून मागे सोन्याची पाठ देत. चांदी मऊ, म्हणून पकड जाड. शिवाय ती काळी पडे. प्लॅटिनम वितळायला १,७६८ अंश सेल्सिअस लागतात (सोन्याला १,०६४), साध्या फुंकणीचं ते काम नाही. पण त्याची बारीक तारही खडा घट्ट धरते आणि मागची बाजू उघडी ठेवता येते.

आपलं कुंदनकाम नेमकं उलटं. खडा बंद कोंदणात, खाली चकचकीत पातळ पत्रा, कडेने दाबलेलं शुद्ध सोनं. म्हणून असा दागिना पाण्यात बुडवून धुऊ नये. ओल आत शिरली की पत्रा काळवंडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. आजीच्या दागिन्यातले हिरे काढून उघड्या कोंदणात बसवण्याची हौस असेल, तर आधी जडावकाम जाणणाऱ्याला दाखवा. पोलकी (पैलू न पाडलेला हिरा) चपटी असते, तिची चमक बरीचशी त्या पत्र्याची. तो काढला की काच बरी.

मधल्या काळात गहाळ झालेल्या पतियाळाच्या हाराचा १९९८ मध्ये लंडनला सापडला तो मुख्यतः सांगाडाच, मोठे खडे उपसलेला. 'डी बिअर्स' १९८२ मध्येच जिनिव्हाच्या लिलावात दिसला होता. रिकाम्या जागी कृत्रिम खडे बसवून कार्तिएने हार पुन्हा उभा केला. मात्र तेव्हा पेढीत मालक म्हणून कार्तिए आडनावाचं कोणी नव्हतं. कुटुंबाने लंडनची शेवटची शाखाही १९७४ मध्ये विकली होती.

— जडावकाम करणारा एक वाचक, पुणे