अख्खा पार्क बुक करण्याआधी हे वाचा

मंडळी, कार्यक्रमासाठी पूर्ण अम्युझमेंट पार्क घ्यायचा तर फोनवर सांगितलेल्या एका आकड्यावर कोणी होकार देऊ नका प्लीज. बऱ्याच ठिकाणी रेट माणशी असतो पण ठरलेल्या किमान संख्येचे पैसे द्यावेच लागतात, म्हणजे निम्मेच लोक आले तरी बिल पूर्ण! जेवण, सिक्युरिटी, टॅक्स, ओव्हरटाइम वेगळं लागू शकतं. कुठल्या राइड्स चालू राहणार ते लेखी घ्या, प्रत्येकीला ऑपरेटर लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. पार्क बंद झाल्यावरची संध्याकाळ सहसा स्वस्त पडते, दिवसा घेतलं तर त्यांचं बुडालेलं तिकिटांचं उत्पन्न आपल्याकडूनच वसूल करणार ना. पावसामुळे रद्द झालं तर डिपॉझिटचं काय, हे अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी विचारा. आणि येणाऱ्यांची पक्की संख्या मला लवकर कळवा, त्याशिवाय नेमकं कोटेशन मागता येणार नाही.