मुक्त विद्यालयाचा प्रमुख निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरशिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा ॲप, चित्रफिती आणि इंटरनेटचा वेग यांपाशी येऊन थांबते; हे सारे चालवणाऱ्या प्रमुखाच्या अंगी कोणते गुण असावेत, हे क्वचितच विचारले जाते. नेहमीच्या शाळेत नाव कमावलेल्या ज्येष्ठ शिक्षकाकडे मुक्त विद्यालय, म्हणजे रोज वर्गात न बोलावता दुरून शिकवणारी शाळा, सोपवले की ते आपोआप नीट चालेल, असे गृहीत धरले जाते. मुक्त अभ्यासक्रमांचे स्वाध्याय अनेक वर्षे तपासल्यावर मला ते गृहीतक पटत नाही.

शाळेचा मुख्याध्यापक व्हरांड्यातून एक फेरी मारतो आणि कोणत्या वर्गात काय बिघडले आहे, ते त्याला कळते. मुक्त विद्यालयाला असा व्हरांडा नसतो. नोकरी आणि घर सांभाळून, मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतलेला विद्यार्थी अडला, तर सहसा तक्रार करत नाही. तो स्वाध्याय पाठवायचे थांबवतो आणि त्याची नोंदणी मात्र कागदोपत्री शाबूत राहते. म्हणून नोंदणीच्या वाढत्या आकड्यावर खूश होणाऱ्या प्रमुखापेक्षा, पहिला स्वाध्याय कोणाकोणाचा आला नाही याची यादी दर आठवड्याला मागवणारा आणि त्या प्रत्येकाला कोणी फोन केला हे विचारणारा प्रमुख मला अधिक लायक वाटतो.

दुसरे कौशल्य वेळापत्रकाचे. आयझॅक पिटमन यांनी १८४०च्या सुमारास इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवले, तेव्हाही विद्यार्थ्यांचे लेखन तपासून त्यांना परत पाठवले जात असे. या पद्धतीचा जीव तेव्हापासून परतीच्या टपालात आहे. मी काम केलेल्या एका केंद्रावर तपासलेले स्वाध्याय परीक्षा उरकल्यावर विद्यार्थ्यांच्या हाती पडत. (तपासणीचे मानधन मात्र वेळेवर मिळे, हे कबूल करतो.) ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि अध्यापन १९७१ मध्ये सुरू झाले, दरम्यानच्या काळात तेथील अभ्यासक्रम-गट पाठ लिहिण्यात आणि एकमेकांचे खर्डे तपासण्यात गुंतले होते. आधी प्रवेश देऊन पुस्तके मागाहून छापणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

जर्मन अभ्यासक ओटो पीटर्स यांनी दूरशिक्षणाची तुलना कारखान्यातील श्रमविभागणीशी केली होती. पाठ एक जण लिहितो, दुसरा संपादित करतो, तिसरा समजावतो, चौथा गुण देतो, आणि एकाचा उशीर सर्वांना भोवतो. अशा ठिकाणी भिडस्त माणसाचा निभाव लागत नाही. नामवंत प्राध्यापकाने लिहिलेला पाठ एकट्याने वाचणाऱ्याला कळणार नसेल, तर तो आदरपूर्वक, पण ठामपणे परत पाठवण्याचे धैर्य प्रमुखाकडे हवे. तंत्रज्ञानाची जाण हवीच, पण ती सहकाऱ्यांकडून मिळवता येते.

निवड समित्यांना माझी एक सूचना आहे. मुलाखतीत उमेदवाराच्या पुढ्यात एखाद्या अभ्यासकेंद्राची, नावे झाकलेली, वर्षभराची स्वाध्याय-नोंदवही ठेवावी आणि त्यातील कोणत्या विद्यार्थ्यांशी तो उद्याच्या उद्या संपर्क साधेल, हे त्याला विचारावे.

आपला,
एक स्वाध्याय-परीक्षक