गारिंचाबद्दल, जरा सविस्तर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, पोरगं बॉल सोडतच नाही, एकाला चकवलं की मागं फिरून त्यालाच पुन्हा चकवतं, आणि म्हणून त्याला बाकावर बसवतात. तेव्हापासून डोक्यात ब्राझीलचा फुटबॉलपटू गारिंचा घोळतोय. फोनवर एवढं बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

भावा, वर्ल्डकप आला की आपल्या पेठेत पिवळे झेंडे लागायचे. पेलेचं नाव आपल्याला लहानपणापासून पाठ. गारिंचाचं नाव फार उशिरा कळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रिओजवळच्या पाउ ग्रांदे या गिरणीच्या गावात १९३३ साली तो जन्मला. उजवा गुडघा आत वळलेला, डावा बाहेर, आणि डावा पाय आखूड. गारिंचा हे एका चिमुकल्या पाखराचं नाव. पोरवयातच गिरणीत कामाला लागला. १९५३ मध्ये बोताफोगो क्लबात चाचणीला गेला आणि समोर उभ्या निल्टन सांतोसला, ब्राझीलच्या नामांकित बॅकला, म्हणजे बचावपटूला, चकवून निघून गेला.

खेळायचा राइट आउटला, म्हणजे उजव्या कडेनं चढाई करणारा. बॉलसमोर गप्प उभा राहायचा. अंग डावीकडं झुकवायचा, बॉल तिथंच. पुन्हा झुकवायचा. मग उजवीकडून सुसाट. तो उजवीकडूनच जाणार हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी पाय अडकायचे ते अडकायचेच.

१९५८ च्या वर्ल्डकपआधी इटलीतल्या फिओरेंतिना क्लबाविरुद्ध त्यानं बचावफळी चकवली, गोलकीपरला चकवलं, समोर गोल उघडा. तरी हा थांबला! धावत आलेल्या बॅकला आणखी एक हुलकावणी दिली आणि मग बॉल आत ढकलला. त्याचे प्रशिक्षक संतापले. स्वीडनमधल्या त्या वर्ल्डकपला पहिले दोन सामने तो बाहेरच होता. तिसऱ्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, पेलेबरोबर उतरला आणि सुरुवातीलाच बॉल खांबावर आदळवला. फायनलमध्ये ब्राझीलच्याच वावाचे दोन्ही गोल त्याच्याच क्रॉसवर झाले. पेले आणि गारिंचा एकत्र खेळले तेव्हा ब्राझील कधीच हरला नाही.

१९६२ ला चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. मग गारिंचानं संघ खांद्यावर घेतला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, सेमीफायनलला यजमान चिलीविरुद्ध दोन. फायनल अंगात ताप असताना खेळला. कप ब्राझीलकडंच राहिला.

पुढचं लिहिताना हात जड होतो. दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन तो खेळत राहिला. दारू सुटली नाही. आठ मुली असलेला संसार सोडून तो गायिका एल्झा सोआरेसबरोबर राहिला. हे मी झाकणार नाही. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात एल्झाची आई गेली. त्यानंतर तो खचतच गेला. २० जानेवारी १९८३ ला यकृताच्या आजारानं गेला, अवघा ४९ वर्षांचा. ज्याच्या पायांवर क्लबनं इतकी वर्षं गल्ला भरला, तो कफल्लक मेला. याचा मला राग येतो, मनापासून येतो.

रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्याला ठेवलं तेव्हा माणसं लोटली. अग्निशमन दलाच्या गाडीवरून त्याला पाउ ग्रांदेकडं नेलं, रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. थडग्यावर लिहिलंय, जो लोकांचा आनंद होता तो इथं विसावलाय.

पोराला शनिवारी घेऊन ये. चिलीतल्या त्या सामन्यांचं कृष्णधवल चित्रण मी काढून ठेवलंय. बाकावर बसवतात म्हणून त्याला अजून काही बोलू नकोस. आधी त्याला हे बघू दे.

तुझाच,
जुना राइट आउट