कळा येताना उताणंच का झोपवता?

मा. संपादक, स.न.वि.वि.

दोन महिन्यांपूर्वी कोल्हापुरातच एका दवाखान्यात माझं पहिलं बाळंतपण झालं. बाळ आणि मी ठणठणीत आहे, पण एक गोष्ट डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले.

रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा घरी मी ओट्यावर कोपरं टेकून ओणवी उभी होते, आई मागनं कंबर दाबत होती आणि खरं सांगते, निभत होतं. लेबर रूममध्ये नेलं की उताणं झोपवलं, पोटाला ठोके मोजायचा पट्टा, हाताला सलाईन, आई दाराबाहेर. तीच कळ आता कंबरेत करवत चालवल्यासारखी. "सिस्टर, जरा उठून बसतो की" म्हटलं तर म्हणे पट्टा सरकतोय, हलू नका! पाच तास. पंख्याला पाती तीनच, पण किती वेळा मोजली देव जाणे. पहाटे ड्युटी बदलली, नव्या सिस्टरनी मला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांत उशी दिली. कळ थांबली नाही, पण दोन कळांच्या मधे श्वास तरी घेता आला.

नंतर वाचलं तर उताणं झोपलं की गर्भपिशवीचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, बाळाकडं जाणारं रक्तसुद्धा कमी होऊ शकतं. कोक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या 2013 च्या आढाव्यात उभ्या-चालत्या बायकांचा पहिला टप्पा (पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा) झोपून राहिलेल्यांपेक्षा सरासरी 1 तास 22 मिनिटं लवकर आटपला. जागतिक आरोग्य संघटनेनं तर 2018 लाच सांगितलंय, धोका नसेल तर बाईला हिंडू द्या, तिला बरं वाटेल तसं बसू द्या, तिचं माणूस जवळ असू द्या, आणि ठोके अधनंमधनं तपासले तरी चालतात, म्हणजे तो पट्टा सारखा लागतोच असं नाही. (आमची आज्जी आढ्याचा दोर धरून उकिडवी बसायची, तिला कुणी आढावा वाचून दाखवला नव्हता.)

बीपी वाढलं, बाळाचे ठोके बिघडले तर झोपावं लागतंय, मान्य. उताण्या बाईला तपासणं, टाके घालणं सोपं जातं हेही मान्य, पण ती सोय कुणाची?

आता माझ्या जावेला सातवा लागलाय. दवाखाना ठरवताना आम्ही पहिलं हेच विचारतोय, कळा येताना चालू देता का? दोन ठिकाणी काउंटरवरची पोरगी नुसती हसली. तिसरीकडं मॅडम म्हणाल्या, या की, खोलीच दाखवतो.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर